‘आमचा कुत्रा चावत नाही!’

समजा तुम्ही अकोल्याच्या जठारपेठेत राहता. परीक्षा तोंडावर आली आहे आणि वर्गमित्राकडून विज्ञानाची वही आणायची आहे. तुम्ही त्याच्या घरी जाता. फाटकावर पाटी आहे, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. पण फाटक मात्र सताड उघडे! तुम्ही बाहेरूनच विचारता, ‘‘काकू, मोती बांधला आहे ना जी?’’ आतून उत्तर येते, ‘‘ये रे ये, भिऊ नको. आमचा मोती नाही चावत कोणाले!’’ तुम्ही दोन पावले आत टाकता आणि मोती तुमच्या पोटरीला कडकडून चावतो.

आता सांगा, चूक कोणाची? तुमची? तुम्ही तर विचारून आत आलात. मोत्याची? त्याला पाटी वाचता येत नाही आणि कायदाही कळत नाही. राहता राहिले मोत्याचे मालक. ‘आमचा कुत्रा चावत नाही’ हे वाक्य त्यांनी प्रेमापोटी उच्चारले, यात शंका नाही. पण विज्ञानात एखादे विधान खरे मानायचे तर त्याला पुरावा लागतो. ‘आजवर चावला नाही’ हा ‘पुढे चावणार नाही’ याचा पुरावा होऊ शकत नाही. पाळलेला कुत्रा चावला तर मालकाची जबाबदारी कोणती, ती कोठे सुरू होते व कोठे संपते, हे या लेखात आपण पाहू.

कुत्रा का चावतो?

मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. त्यांतील चार सुळे पकडण्यासाठी व फाडण्यासाठी असतात. तरीसुद्धा कुत्रा बहुधा एकदम चावत नाही. आधी तो आपल्या भाषेत इशारा देतो. त्याचे अंग ताठ होते, कान मागे जातात, तो नजर रोखतो, ओठ वर उचलून दात दाखवतो आणि गुरगुरतो. घाबरलेला कुत्रा शेपूट पायात घालतो, पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, असेही नेहमीच नसते. अंग ताठ ठेवून, शेपूट उंच धरून ती भराभर हलवणारा कुत्रा चिडलेला असू शकतो.

खाताना, झोपेत असताना, पिले जवळ असताना किंवा काही दुखत असताना कोणी अंगाशी आले, की अगदी गरीब कुत्राही चावू शकतो. आपल्या वऱ्हाडात आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, ती म्हणजे उन्हाळा. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. माणसाला अंगभर घाम येतो व तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांशी असतात. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातील ओलावा उडवून अंग थंड करतो. अशा दिवसांत तापलेल्या टिनाच्या छपराखाली, आखूड साखळीने, पाण्याशिवाय बांधलेला कुत्रा चिडचिडा झाला तर नवल ते काय?

‘उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात’ असे मात्र म्हणू नका. पिसाळणे हा उन्हाचा परिणाम नव्हे. तो एका विषाणूमुळे होणारा रोग आहे आणि तो वर्षाच्या कोणत्याही महिन्यात होऊ शकतो. या रोगाला रेबीज म्हणतात. त्याचे जुने नाव अलर्क रोग.

दातांपेक्षा लाळ धोक्याची

चावल्याची जखम आपल्याला दिसते. तिच्यात मिसळलेली लाळ दिसत नाही. कुत्रा रेबीजने आजारी असेल, तर त्याच्या लाळेत या रोगाचे विषाणू असतात. सूक्ष्मदर्शकाच्या साध्या भिंगातून ते दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते बंदुकीच्या गोळीसारखे, एका टोकाला निमुळते दिसतात.

जखमेतून आत गेलेले विषाणू रक्तातून प्रवास करीत नाहीत. ते काही काळ स्नायूंमध्ये राहतात व नंतर जवळच्या मज्जातंतूत शिरतात. मग मज्जातंतूच्या वाटेने ते मेंदूकडे सरकू लागतात. हा वेग दिवसाला सुमारे १ ते १० सेंटीमीटर असतो. आता एक सोपे गणित करा. तुमच्या पोटरीपासून मेंदूपर्यंतचे अंतर साधारण १०० सेंटीमीटर धरा. रोज १० सेंटीमीटर वेगाने हे अंतर कापायला १० दिवस लागतील, रोज १ सेंटीमीटर वेगाने १०० दिवस. शिवाय स्नायूंमध्ये थांबण्याचा काळ निराळाच. म्हणूनच चावल्यापासून रोगाची लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात. क्वचित हा काळ आठवड्याचा, तर क्वचित वर्षाचाही असतो. जखम चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर मेंदू जवळच आहे, म्हणून ती अधिक धोक्याची. लहान मुलांची उंची कमी, त्यामुळे त्यांना चेहऱ्याजवळ चावा बसण्याचा संभव जास्त.

विषाणू मेंदूत पोचले की रोगी बेचैन होतो. पाणी पिताना, पुढे तर पाणी पाहूनही त्याच्या घशाचे स्नायू वेदनेने आवळतात. याला जलसंत्रास म्हणतात. एकदा ही लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणताही रोगी वाचत नाही. वैद्यकाने एवढी प्रगती केली, तरी हे सत्य बदललेले नाही. पण निसर्गाने आपल्याला एक सवलत दिली आहे. विषाणूंचा प्रवास सावकाश चालतो. ते मेंदूत पोचण्यापूर्वी आपण त्यांना गाठू शकतो. ही शर्यत जिंकायची तर पहिले पाऊल पहिल्याच मिनिटाला पडले पाहिजे.

साबण, पाणी आणि पंधरा मिनिटे

हे पहिले पाऊल अगदी साधे आहे. नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम धरा आणि साबण लावून घड्याळाप्रमाणे १५ मिनिटे धुवा. नळाला पाणी नसेल, तर कोणाला तरी तांब्याने सतत धार धरायला सांगा.

साबणाने काय होते? रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ वेष्टन असते. तेलकट ताटावरचे तेल साबणाने सुटते, हे तुम्ही घरी पाहताच. तसेच विषाणूचे वेष्टन साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. करोनाच्या साथीत आपण हात धूत होतो, त्यामागेही हेच तत्त्व होते.

जखमेवर तिखट, हळद, चुना किंवा तेल मुळीच लावू नका. त्याने विषाणू मरत नाहीत. उलट जखमेची आग होते आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. जखम घट्ट बांधूही नका.

धुऊन झाले की त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला जुनी माणसे अजून ‘इर्विन’ म्हणतात, किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय तुम्हाला माहीत असेलच. डॉक्टर जखमेची प्रत ठरवतात. धडधाकट कातडीला कुत्र्याने नुसते चाटले असेल, तर धुणे पुरते. रक्त न येता ओरखडा उठला असेल, तर लस द्यावी लागते. दात कातडीतून आत गेले असतील, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला वा तोंडाच्या आतील भागाला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही जखमेच्या आसपास देतात. असे का? लसीमुळे आपले शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करू लागते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोपर्यंत किल्ला लढवायला बाहेरून तयार शिपाई आणावे लागतात. कातडीत द्यावयाची लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. एकही दिवस चुकवू नये.

चौदा इंजेक्शनांची भीती

‘पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात’ असे तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकले असेल. त्यांच्या काळी ते खरे होते. डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ मध्ये हिमालयातील कसौली येथे मेंढीच्या मेंदूपासून एक लस तयार केली. ती पोटाच्या कातडीखाली दिवसेंदिवस टोचून घ्यावी लागे. आपल्या देशात ही जुनी लस २००४ अखेर बंद झाली. आजची लस दंडावर टोचतात आणि ती फारशी दुखत नाही. तेव्हा इंजेक्शनाच्या भीतीने कुत्रा चावल्याचे घरी लपवून ठेवू नका. ‘आई रागावेल’ म्हणून लपवलेली लहानशी जखम जिवावर बेतू शकते.

माणसाला ही लस देण्याची सुरुवात झाली, त्या कथेतही एक कुत्र्याचा मालक आहे. आल्सेस प्रांतातल्या जोसेफ मीस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ४ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावला. अंगावर चौदा जखमा होत्या. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. त्यांच्याबरोबर आणखी एक गृहस्थ आले होते, थिओडोर व्होन नावाचे दुकानदार. ते त्या कुत्र्याचे मालक! कुत्रा त्यांनाही चावला होता, पण दात बाहीतून आत गेले नव्हते. पाश्चर यांनी त्यांना परत जायला सांगितले व ६ जुलैपासून त्या मुलाला दहा दिवसांत तेरा वेळा लस टोचली. मुलगा वाचला. पाश्चर यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. चावा घेतलेल्या मुलाबरोबर कुत्र्याचा मालक पॅरिसपर्यंत गेला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

दहा दिवसांचा साक्षीदार

आता आपल्या मोत्याकडे वळू. तो चावला. यापुढे मालकाने काय करावे?

पुष्कळ ठिकाणी काय घडते? मालक म्हणतो, ‘‘काही झाले नाही, नुसते खरचटले.’’ किंवा रागाच्या भरात कुत्र्याला काठीने मारून टाकतात. काही जण त्याला पोत्यात घालून बडनेऱ्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या रस्त्यावर दूर सोडून येतात. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्याचे कारण शुद्ध वैज्ञानिक आहे.

रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतात ते रोगाची लक्षणे दिसण्याच्या थोडेच दिवस आधी. लाळेत विषाणू आले, की कुत्रा काही दिवसांतच आजारी पडतो आणि मरतो. म्हणून चावल्यापासून दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवतात. दहाव्या दिवशीही तो धडधाकट असेल, नेहमीसारखा खात-पीत असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते, असे खात्रीने म्हणता येते. मग पुढील इंजेक्शनांचे काय करायचे, ते डॉक्टर ठरवतात. दहा दिवसांची ही कसोटी कुत्रा व मांजर यांनाच लागू पडते, हेही ध्यानात असू द्या.

म्हणजे मोती हा या खटल्यातील मुख्य साक्षीदार आहे. त्याला मारले किंवा हाकलून दिले, की साक्षच नाहीशी झाली. तो खरोखरच आजारी असेल, तर सोडलेल्या ठिकाणी आणखी लोकांना चावेल, तो धोका वेगळाच. मात्र दहा दिवस वाट पाहून मग इंजेक्शन घेऊ, असे कधीही करायचे नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि नजरही त्याच दिवसापासून ठेवायची.

या दहा दिवसांत मोत्याला वेगळे बांधावे, पाणी व अन्न द्यावे, लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. त्याचा आवाज बदलला, तो वाटेल ते चावू लागला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, अंधारात लपून बसू लागला किंवा त्याला गिळता येईनासे झाले, तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांना आणि ज्याला चावला त्याच्या घरी कळवावे. पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून जातोच असे नाही. कधी तो अगदी मुका, सुस्त होतो, हे विसरू नका.

मालकाने ज्याला कुत्रा चावला त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे, कुत्र्याच्या लसीकरणाचे कार्ड डॉक्टरांना दाखवावे आणि उपचाराचा खर्च आपण होऊन करावा. लस टोचली नसेल, तर ‘टोचली आहे’ असे खोटे कदापि सांगू नये. त्या एका खोट्या शब्दावर विसंबून एखादे लेकरू इंजेक्शनावाचून राहू शकते.

कायदा काय सांगतो?

मालकाने हे सारे भलेपणाने करावे, हे उत्तमच. पण कायदाही त्याला मोकळा सोडत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम २८९ होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातील २९१ वे कलम असे, की आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये, म्हणून पुरेशी काळजी घेण्यात जो जाणूनबुजून किंवा हयगयीने कसूर करील, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालकाने कुत्र्याला ‘चाव’ म्हटले होते का, हा प्रश्न येथे नाही. त्याने काळजी घेतली होती का, हा प्रश्न आहे. याशिवाय नुकसानभरपाईसाठी दिवाणी न्यायालयातही जाता येते.

हे कलम नुसते पुस्तकात पडून राहिलेले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या वरळी भागातील एका इमारतीत एक गृहस्थ आपल्या लहान मुलासह लिफ्टने जात होते. शेजारी कुत्रा घेऊन लिफ्टमध्ये शिरू लागला. मुलाला कुत्र्याची भीती वाटते, थोडे थांबा, अशी विनंती त्यांनी केली. शेजाऱ्याने ती मानली नाही आणि कुत्रा त्या गृहस्थांच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. लिफ्ट पुन्हा वर येईपर्यंत किती वेळ लागला असता? फार तर दोन-तीन मिनिटे!

कायदा कुत्र्याच्याही बाजूने बोलतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. कुत्र्याला फार वेळ आखूड साखळीने बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे, पाळलेले जनावर कारणावाचून सोडून देणे, हे त्याप्रमाणे गुन्हे आहेत. आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनाशक औषधे व नसबंदी यांची जबाबदारी मालकावर आहे.

जबाबदारी चावण्यापूर्वीच सुरू होते

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले. मालकाची जबाबदारी मोती चावला तेव्हा सुरू झाली नाही. पिलू घरात आले त्याच दिवशी ती सुरू झाली. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचावी, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा द्यावी आणि पुढे दरवर्षी टोचत राहावे. ज्याला आपल्याकडे लोक ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात, तेथे हे काम होते. अकोल्यात तर पशुवैद्यकाचे उच्च शिक्षण देणारी स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्थाच आहे. रस्त्यावर नेताना गळ्यात पट्टा आणि हातात दोरी असावी. दोरी धरणारा माणूस कुत्र्याला आवरू शकेल इतका ताकदवान असावा. पाहुणे आले की आधी कुत्रा बांधावा, मग फाटक उघडावे. शेतात राखणीला ठेवलेल्या कुत्र्यालाही लस हवीच, कारण कोल्ह्याची किंवा भटक्या कुत्र्याची गाठ त्यालाच आधी पडते.

एका कुत्र्याला लस दिल्याने एकच घर सुरक्षित होते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे एखाद्या भागातील निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. विषाणूला पुढे उडी मारायला कुत्राच मिळत नाही. गोव्यात हे करून दाखवण्यात आले. तेथे पाळीव व भटक्या अशा दोन्ही कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यात आली. २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षांत तेथे रेबीजने माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. जे गोव्यात झाले ते वऱ्हाडात का होऊ नये?

करून पहा

आपल्या गल्लीतील पाळीव कुत्र्यांची यादी करा. मात्र घरात न शिरता, फाटकाबाहेरूनच मालकांना विचारा. वहीत चार रकाने आखा : कुत्र्याचे नाव, वय, शेवटची लस कोणत्या महिन्यात दिली, आणि कार्ड आहे की नाही. लस दिलेल्या कुत्र्यांची शेकडेवारी काढा. ती ७० पेक्षा कमी आली, तर तक्ता आपल्या शिक्षकांना दाखवा आणि २८ सप्टेंबरला, म्हणजे पाश्चर यांच्या पुण्यतिथीला पाळल्या जाणाऱ्या जागतिक रेबीज दिनी, त्या मालकांची आठवण करून द्या.

आणि तुमच्या स्वतःच्या घरी मोती असेल, तर आज शाळेतून गेल्यावर त्याचे कार्ड शोधा व शेवटच्या लसीची तारीख पाहा. उद्या फाटकाशी उभे राहून एखादा मित्र विचारील, ‘‘कुत्रा बांधला आहे ना?’’ तेव्हा ‘आमचा कुत्रा चावत नाही’ असे म्हणू नका. ‘‘थांब रे, आधी बांधतो, मग ये,’’ असे म्हणा.